कमी मजुरी ही वेठच होय
(सोलापुरातील एका विहारात नवदीक्षित कामगार कुटुंबांपुढे झालेले भाषण)



आज मला धम्मावर प्रवचन करण्यास सांगितले असते तर मी नम्रपणे नकार दिला असता. तो माझा अधिकार नव्हे. परंतु आपल्या चिटणीसांनी मला विषय दिला तो मजुरीचा. आपल्यापैकीच एका भगिनीने त्यांना विचारले होते, "सरकारने ठरविलेल्या दरापेक्षा मालक कमी देतो. बोलावे तर काम जाते, न बोलावे तर पोटाला पुरत नाही. मी काय करावे?" तिने हा प्रश्न विहारात विचारला, हे मला फार बरे वाटले. मी वकील नाही. मी बिड्या वळणाऱ्या बाईचा मुलगा आहे, आणि लहानपणी तिचा हिशेब मी लिहीत असे. जे सांगणार आहे ते तेथूनच सांगतो.

माझी आई ब्रँचमधून पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन येई. रात्री पाने भिजवी, पहाटे पत्र्याचे माप ठेवून कात्रीने कापी आणि दिवसभर सूप मांडीवर घेऊन वळीत बसे. दिलेली पाने हजार बिड्यांना कधीच पुरत नसत. पान फाटके निघे, डागी निघे. तूट भरून काढण्यासाठी ती स्वतःच्या पैशाने बाजारातून पान आणी. माल घेऊन गेली की तपासनीस मूठमूठ छाट काढी. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाटलेल्या बिड्याही परत मिळत नसत. तो त्या फेकून देत असेल, असे आईला वाटे. फेकून देण्याइतका तो उदार नव्हता, हे मला मोठेपणी समजले.

आईला अक्षरओळख नव्हती म्हणून माझ्या शाळेच्या वहीच्या मागल्या पानांवर मी रोज लिहीत असे: तारीख, मिळालेली पाने, दिलेल्या बिड्या, छाट, हातात पडलेले पैसे. पुढे शेजारच्या बायकांनी मिळून कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला तेव्हा ब्रँचच्या नोंदवहीत आईचे नावच नव्हते. पुरावा म्हणून होती ती एवढी वहीच. त्या वहीमुळे सारे पैसे मिळाले, असे मी म्हणणार नाही. सहा महिन्यांपलीकडचे सर्व बुडाले, कारण त्या वेळच्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांचीच होती. जे मिळाले ते थोडे होते. पण ते आईने दोनदा मोजले.

बंधुभगिनींनो, किमान वेतन ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तसेच तो निव्वळ पैशाचाही प्रश्न नव्हे. तो वेठीचा प्रश्न आहे, आणि वेठ म्हणजे काय हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. महारकी वतनात वेळेला मर्यादा नव्हती आणि कामालाही मर्यादा नव्हती. बाप आजारी असेल तर मुलाने जावे, मुलगा नसेल तर घरातील आणखी कोणी जावे. बदल्यात मूठभर बलुते, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर! या वतनाला हात घालणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. जे स्वतःला वतनदार म्हणवून घेत होते त्यांना बाबासाहेब सांगत होते की, हे वतन नसून गुलामी आहे. ती वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

आपण दीक्षा घेतली तेव्हा मेलेले ढोर ओढण्याचे सोडले, शिळे तुकडे मागण्याचे सोडले. परंतु गावच्या पाटलाची वेठ सोडून शहरातील मुकादमाची वेठ पत्करली, तर सुटले ते काय?

ही तुलना माझ्या पदरची आहे असे समजू नका. घटनेचे तेविसावे कलम वेठ व सक्तीची मजुरी यांस मनाई करते. दिल्लीत आशियाई खेळांसाठी इमारती व रस्ते उभे राहत असताना मजुरांना कायद्याने ठरलेला दर मिळत नव्हता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८२ साली न्यायालयाने निकाल दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे तेविसाव्या कलमातील सक्तीचे काम होय. डोक्यावर काठी असली म्हणजेच सक्ती होते असे नाही. भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढल्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांवरील मजुरांच्या बाबतीतही न्यायालयाने हाच मार्ग धरला. "कोणी तुला जबरदस्तीने बोलावले होते काय?" असे मालक विचारतो, तेव्हा त्याला हे उत्तर आहे.

आता कायदा कोठून आला ते थोडक्यात पाहू. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले, आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात बिडीकामाचे नाव होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. तथापि जुन्या कायद्याखाली ठरलेले दर नव्या संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालूच राहतात. म्हणून "जुना कायदा गेला, आता काही लागू नाही" असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका.

कायदा असूनही पैसे का मिळत नाहीत? या ठिकाणी मी तुम्हांला जरा दूर, इंग्लंडात घेऊन जातो. तेथे क्रॅडली हीथ नावाचे एक गाव आहे. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी तेथील बायका घरामागच्या खोपटात भट्टी पेटवून लोखंडी साखळ्या घडवीत. कारखाना नाही, तासांचा नियम नाही. मूल एका कोपऱ्यात आणि ऐरण दुसऱ्या कोपऱ्यात. आपल्या बिडीवाल्या बायांची आठवण यावी असेच ते चित्र होते. १९०९ च्या कायद्याने त्यांच्यासाठी किमान दर ठरला. तो चालू दराच्या जवळजवळ दुप्पट होता. मग मालकांनी काय केले? कामगाराने लेखी संमती दिल्यास सहा महिने जुन्या दराने काम करून घेता येईल, अशी एक पळवाट त्या कायद्यात होती. मालकांनी कागद छापले आणि वाचता न येणाऱ्या बायकांकडून त्यांवर खुणा करून घेतल्या. आपण कशावर खूण केली हे कित्येकींना ठाऊकच नव्हते. मेरी मॅकआर्थर नावाच्या एका बाईने त्यांची संघटना बांधली. १९१० साली दहा आठवडे भट्ट्या थंड राहिल्या आणि शेवटी मालकांनी ठरलेला दर मान्य केला. लढ्यासाठी देशभरातून जमलेला निधी इतका उरला की त्यातून त्या गावी कामगारांचे भवन उभे राहिले.

मी ही कथा सांगितली ती त्या अंगठ्यासाठी. कायदा दर देतो आणि अंगठा तो परत करतो! आपल्या कायद्यात मात्र ती पळवाट ठेवलेली नाही. १९४८ च्या कायद्यात होते आणि आजच्या संहितेतही आहे की, किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल समजावा. तुम्ही पूर्वी अशा कागदावर सही केली असेल तरी तुमचा हक्क बुडालेला नाही. याच प्रश्नावर अजमेरच्या एका कापड गिरणीचे प्रकरण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. तेथे महिना ५६ रुपये दर ठरला होता. मालकाने गिरणी बंद ठेवली आणि बहुतेक कामगार ३५ रुपयांवर काम करण्यास तयार झाले. न्यायालयाने कायदा उचलून धरला. कामगारांची अगतिकता ही त्यांची संमती मानता येत नाही. त्यानंतर १९६१ साली केरळातील कौलांच्या कारखानदारांनी ऐपत नसल्याचे गाऱ्हाणे नेले. न्यायालयाने सांगितले की, किमान वेतन ठरविताना मालकाची ऐपत पाहण्याचे कारण नाही. ज्याला किमान वेतनही देता येत नाही त्याला मजूर ठेवण्याचा हक्क नाही, असा याचा सरळ अर्थ होतो.

मालकांची दुसरी युक्ती नावांची आहे. आपल्या समाजाला ती चांगलीच परिचयाची असावी, कारण गुलामाला वतनदार म्हणण्याची युक्ती आपल्यावरच झाली. बिडीधंद्यात मालक म्हणतो, "ही माझी कामगार नाही. मी हिला पान-तंबाखू विकतो आणि तिच्याकडून बिड्या विकत घेतो." म्हणजे सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई एका क्षणात व्यापारी झाली! यंत्रमागावर म्हणतात, "काम नगावर आहे, त्याला किमान वेतन लागू नाही." हे खोटे आहे. नगाचा दर ठरलेला नसेल आणि दिवसाचा दर ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही दिवसाच्या दराहून कमी देता येत नाही. मुंबईत महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी मजुरांना स्वयंसेवक ठरविले गेले आणि त्यांच्या मजुरीला मानधन म्हटले गेले. त्यांत दलित व बौद्ध मोठ्या संख्येने होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांच्या कायम नोकरीचा हक्क मान्य झाला. घरी बसून बिड्या वळणारी बाई ही कामगारच आहे, हेही न्यायालयाने फार पूर्वी मान्य केले आहे. १९८५ साली भविष्यनिर्वाह निधीच्या प्रकरणात तसा स्पष्ट निकाल आहे. तेव्हा मालक तुम्हांला कोणत्या नावाने हाक मारतो याला महत्त्व नाही. माल कोणाचा, माप कोणाचे, छाट काढणारा कोण, हे विचारा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: करावे काय?

प्रथम आपला दर माहीत करून घ्या. सोलापुरात सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तेथे जाऊन आपल्या धंद्याचा दर विचारणे हा गुन्हा नव्हे, आणि त्यासाठी मालकाची परवानगीही लागत नाही. मूळ दर निराळा आणि विशेष भत्ता निराळा असतो; हा भत्ता आपल्या राज्यात दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. कित्येक मालक मूळ दर दाखवितात आणि भत्ता गिळून टाकतात. यास्तव दोन्हींची बेरीज विचारा, आणि ती कागदावर लिहून घ्या.

मग वही घाला. रोजची नोंद रोज करा. आठवड्याने आठवून लिहिलेली नोंद फारशी कामाची नसते. पान किती मिळाले, किती विकत आणले, छाट किती गेली, पैसे कोणी दिले, हे लिहा. ओळखपत्र, निधीचा क्रमांक, मालाची चिठ्ठी, बँकेचे पुस्तक, यांतील काहीही फेकू नका. येथे एक बारकावा आहे, तो नीट लक्षात घ्या. मजुरी पूर्ण दिली हे सिद्ध करण्याचा भार नव्या संहितेने मालकावर टाकला आहे. परंतु तुम्ही त्याच्याकडे काम करीत होता, हेच तो नाकबूल करील. आणि ते दाखवून देण्याची तयारी तुमच्यापाशी हवी. वहीचे आणि चिठ्ठ्यांचे काम तेथे आहे.

हिशेब मांडून पाहिला म्हणजे मन घट्ट होते. समजा, हजार बिड्यांमागे ठरलेल्या दरापेक्षा तुम्हांला ७० रुपये कमी मिळतात आणि महिन्यात तुम्ही २२ हजार बिड्या वळता. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. महिन्याला १,५४० रुपये झाले, वर्षाला १८,४८०, आणि तीन वर्षांत ५५,४४०. तीन वर्षे अशासाठी म्हणतो की, जुन्या कायद्यातील सहा महिन्यांची मुदत आता तीन वर्षांची झाली आहे. फरकाखेरीज त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. शिक्षेच्या बाबतीत मात्र ही संहिता मवाळ झाली, असे माझे मत आहे. पूर्वी पहिल्याच गुन्ह्याला तुरुंग दाखविलेला होता. आता पहिल्या गुन्ह्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पाच वर्षांच्या आत पुन्हा केल्यासच कैदेचा प्रश्न येतो.

अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. पोच न घेता दिलेला अर्ज हा वाऱ्यावर सोडलेला अर्ज होय. दावा कामगाराला स्वतः करता येतो, तो ज्या संघटनेचा सभासद आहे तिला करता येतो, आणि सरकारी निरीक्षकालाही करता येतो. वकिलाची फी कोठून आणावी, असे एक आजोबा मघाशी मला दाराशी विचारीत होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, अनुसूचित जातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७ चा तसा कायदा आहे. दीक्षा घेतल्याने आपला हा हक्क गेला, अशी भीती काही घरांत आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही घटनेचे ते संरक्षण मिळाले आहे. ती भीती सोडा.

काम जाईल ही भीती मात्र खरी आहे, आणि ती खोटी आहे असे तुम्हांला सांगणारा मनुष्य एक तर अनुभवशून्य असेल किंवा त्याच्या घरी दुसरी मिळकत असेल. एकट्या बाईने अर्ज दिला तर दुसऱ्या दिवशी तिला पान मिळत नाही. चाळीस जणींनी दिला तर ब्रँच बंद पडते, आणि ब्रँच बंद पडणे मालकाला परवडत नाही. मालकाला ठाऊक असते की, ही तेलुगू बोलणारी, ती मराठी बोलणारी, तिसरी मुसलमान. या एकत्र बसणार नाहीत. आपल्यालाही याचा कडू अनुभव आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. ज्या कामगारांनी संपाला आपली साथ मागितली, त्यांनी त्या खात्याचे दार उघडले नाही. हे विसरून जा, असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू म्हणून सांगितले, ते हे सर्व पाहूनच. पण शेजारच्या पद्मशाली बाईला आणि तुम्हांला छाट काढणारा हात एकच आहे. तिच्या दारी आपण आधी गेलो तर आपली मान खाली होत नाही. सोलापूरच्या बिडी कामगार स्त्रिया एकत्र आल्या म्हणूनच कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान तेथे आले होते. ती घरे कोणी अर्ज न करता दिली नाहीत.

उचलीविषयी दोन शब्द बोलणे मला भाग आहे, जरी ते काहींना आवडणार नाहीत. लग्नासाठी, बारशासाठी, कधी कधी दीक्षासमारंभासाठीसुद्धा आपण मालकाकडून उचल घेतो, आणि ती फिटेपर्यंत तो देईल त्या दराने राबतो. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने हीच गोष्ट ओळखली आहे: कर्जापोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबणे ही वेठबिगारी होय, आणि तसले कर्ज फेडण्याचे बंधन कायदा मानीत नाही. परंतु कोर्टकचेरीपेक्षा उचल न घेणे सोपे आहे. पाच माणसांत लग्न लावावे. ज्या मंडपाचे पैसे मालकाने दिले त्या मंडपात मालकच यजमान असतो.

आणि आपल्यातही आता काहीजण मालक झाले आहेत. कोणाकडे चार माग आहेत, कोणी सफाईचे कंत्राट घेतो, कोणाच्या घरी धुणीभांड्यांना बाई येते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला सहा दिशा सांगितल्या. त्यांतील खालची दिशा म्हणजे घरचे नोकर व कामकरी. धन्याने त्यांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून द्यावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी, अशी पाच कर्तव्ये तेथे आहेत. कामकऱ्यांचीही पाच कर्तव्ये आहेत, आणि ती मालकांना फार आवडतील. पण धन्याची आधी सांगितली आहेत, हा क्रम विसरू नये. ज्याच्या भिंतीवर तथागतांची तसबीर आहे त्याच्या वहीत मजुराची तूट असेल, तर त्याने आज घरी जाऊन आधी ती वही उघडावी.

पुढील रविवारी सकाळी मी पुन्हा येथे येणार आहे. ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनी आपली ओळखपत्रे, चिठ्ठ्या, बँकेची पुस्तके घेऊन यावे, आणि शाळेत जाणारी मुलेही बरोबर आणावीत. बेरजा त्यांच्याकडून करून घेऊ. दाराजवळच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा आणि पहिल्या पानावर आजची तारीख घाला.